अंगणात शिंग सापडतं, मग रानात का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे दीड वर्षाची लॅब्रडॉर कुत्री आहे. हिवाळा सरताना हरणांची गळून पडलेली शिंगं शोधायला तिला तयार करायचं आहे. मागच्या अंगणात लपवलेलं शिंग ती मिनिटाभरात आणून देते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात नेली, की नुसती हुंगत फिरते, ससे उठवते आणि पडलेल्या शिंगापासून हाताभरावरून पुढे निघून जाते. तिचं नाक कमी पडतंय, जात चुकलीय, की शिकवण्यात काही राहिलंय? आणि जाता जाता विचारलेलं आणखी एक: शिंग तिला चघळायला द्यावं का?

नाक अजिबात कमी पडत नाहीये. जातही उत्तम आहे. शिंग शोधणाऱ्या कुत्र्यांमध्ये लॅब सर्वांत जास्त दिसतात, पण वस्तू उचलून आणायची हौस आणि माणसासोबत काम करायची आवड असेल तर कुठलंही कुत्रं हे शिकतं. त्यामुळे जातीचा विचार इथेच सोडून द्या.

अडचण अशी आहे की अंगणात तुमची कुत्री शिंग शोधतच नाहीये. ती तुमचा माग काढतेय. तुम्ही उघड्या हाताने शिंग घेता, चालत झुडपापर्यंत जाता, ते खाली ठेवता आणि आल्या वाटेने परत येता. गवत तुडवलं जातं, बुटांचा वास जमिनीला लागतो, हाताचा घाम शिंगाला लागतो. कुत्रीच्या दृष्टीने हा अंगणातला सगळ्यात ताजा आणि ठळक वास. ती त्या वासामागे जाते, शेवटी शिंग मिळतं, तुम्ही कौतुक करता. ती शिकते ते एवढंच, की मालकाच्या पावलांच्या शेवटी काहीतरी मिळतं. रानात खऱ्या शिंगापर्यंत कोणाचीच पावलं गेलेली नसतात. जी गोष्ट तिला कधी शिकवलीच नाही ती तिथे तिच्याकडून मागितली जाते. शिंगं शोधायला निघालेल्या कुत्र्यांपैकी बरीचशी याच एका जागी अडकलेली मी पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक नाकाने अतिशय हुशार होती.

म्हणून आधी शिंगाला स्वतःचा वास कुठून येतो ते समजून घ्या. हरणाचं शिंग म्हणजे हाड. ते दरवर्षी नव्याने उगवतं. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. उन्हाळा संपता संपता नराच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, हाड टणक होतं आणि मखमल घासून निघते. माजाचा काळ संपला की हे संप्रेरक उतरतं. मग कवटीच्या ज्या उंचवट्यावर शिंग बसलेलं असतं तिथल्या सांध्याचं हाड शरीर स्वतःच विरघळवतं आणि शिंग गळून पडतं. उत्तरेकडच्या राज्यांत व्हाइटटेल म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची बहुतेक शिंगं डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत गळतात. एल्क या मोठ्या हरणाची त्यानंतर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये.

ताज्या शिंगाच्या बुडाशी थोडं रक्त, कातडीचा अंश, क्वचित केस असतात. नराच्या कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात आणि झाडांवर खूण करताना तो कपाळ व शिंगाचं बूड त्यांवर घासतो. झाडाच्या सालीचा आणि त्या ग्रंथींचा वासही तिथे बसतो. म्हणून पडल्यापासून पहिले काही दिवस शिंग कुत्र्याला बऱ्याच लांबून कळतं. पुढे ऊन, पाऊस, बर्फ खाऊन ते पांढरं पडतं आणि उरतो फक्त जुन्या हाडाचा मंद वास. कुत्रीला दोन्ही ओळखता यायला हवेत. पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलेल्या एकाच शिंगावर सगळा सराव केला तर तिला त्या शिंगाचा, त्या दुकानाचा आणि ते हाताळलेल्या सगळ्या हातांचा वास पाठ होतो.

सुरुवात शिंगांपासून करा. चार-सहा शिंगं जमवा; काही तपकिरी, ताजी, काही पांढरी पडलेली. जुनी असतील ती बिनवासाच्या साबणाने धुऊन बाहेर वाळवा. ताज्या शिंगाचं बूड मात्र धुऊ नका, तिथेच सगळं काही आहे. इथून पुढे नायट्रिलचे हातमोजे घातल्याशिवाय एकाही शिंगाला हात लावायचा नाही. ताजी आणि जुनी वेगवेगळ्या झाकणाच्या पेट्यांत ठेवा. त्या पेट्या कुत्रीच्या खाण्याजवळ नकोत आणि गॅरेजात पेट्रोलच्या कॅनशेजारीही नकोत. हे सोवळं जरा जास्त वाटेल, पण पुढची सगळी मेहनत यावर उभी आहे.

पहिले काही दिवस रानात जाऊच नका. घरात तीन सारखे पुठ्ठ्याचे खोके मांडा. एकात शिंग. दुसऱ्यात त्याच हातमोज्यांनी हाताळलेली काठी. तिसऱ्यात नुसता एक न वापरलेला हातमोजा. शिंगाच्या खोक्यात जे जे आहे ते सगळं बाकीच्या खोक्यांतही असावं, फक्त शिंग सोडून. कुत्री योग्य खोक्यावर थबकली, नाक आत खुपसलं, की त्याच क्षणी त्याच जागी बक्षीस. काठीच्या खोक्यावर थांबली तर रागावू नका, काही बोलूच नका. पुढे जाऊ द्या. खोक्यांच्या जागा दर वेळी बदला आणि ज्या खोक्यात एकदा शिंग ठेवलं त्यात पुन्हा काठी ठेवू नका, वास मागे राहतो. पाच-दहा मिनिटं पुरे. तिला अजून हवं असतानाच खेळ थांबवा.

बक्षीस म्हणून लॅबला खाऊ चालतो, पण चेंडूवर जीव असेल तर चेंडू वापरा. रानात तासभर पायपीट केल्यावर बिस्किटाच्या तुकड्यापेक्षा चेंडूची ओढ जास्त टिकते. शिंग तिच्या तोंडातून ओढून घेऊ नका. चेंडू दाखवा, ती शिंग सोडेल. आणि सराव संपला की शिंग पेटीत. घरात इकडेतिकडे पडलेल्या शिंगाचं तिला काही अप्रूप राहत नाही.

खोक्यांमध्ये ती चुकेनाशी झाली की अंगणात या, पण आता ठेवण्याची पद्धत बदलायची. रबरी बूट घालून आधी सगळं अंगण उभं-आडवं तुडवून काढा, म्हणजे तुमचा वास सगळीकडे सारखाच पसरतो आणि माग काढण्यात अर्थ उरत नाही. मग एका कडेला उभं राहून हातमोजे घालून शिंग लांब फेका. ते पडेल तिथे तुम्ही गेलेलाच नसता. शक्य तर रात्रभर तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी कुत्रीला सोडा. हे सगळं ती घरात असताना करायचं. शिंग फेकून तिला त्यामागे पळवायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे. टणक शिंग जमिनीवर आपटून उसळतं, कसंही उभं राहतं, आणि धावत्या कुत्रीच्या डोळ्यात किंवा टाळूत टोक घुसू शकतं. सरावाच्या शिंगांची टोकं कानशीने घासून बोथट करा. लहान पिल्लाला तर आधी मऊ रबरी शिंगच द्यावं. एकदा टोचलं की काही पिल्लं शिंगाला पुन्हा तोंड लावायला तयार होत नाहीत.

काही जण शिंगाच्या आकाराचे पांढरे पुठ्ठे कापलेल्या गवतावर उभे करून आकाराची ओळख करून देतात. कोवळ्या कुत्र्यांना त्याने लवकर यश मिळतं, हुरूप येतो. माझं मत असं की ते थोडेच दिवस करावं. रानात शिंग अर्धं पाचोळ्यात, अर्धं गवतात रुतलेलं असतं. नुसत्या डोळ्यांवर विसंबलेलं कुत्रं तिथे माणसाहून फार वेगळं काही करू शकत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. शिंग कुठे आहे हे तुम्हाला स्वतःला माहीत नसावं. कुत्री तुमचं अंग सतत वाचत असते. शिंगाजवळ आलात की तुमची चाल मंदावते, खांदे तिकडे वळतात, नजर तिथे जाते, श्वाससुद्धा बदलतो. ती हे सगळं टिपते आणि नाक न वापरता शिंग शोधते. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शिंगं टाकायला सांगा. त्यांनी जागा फोनच्या नकाशावर खूण करून ठेवावी आणि तुम्ही शोधत असताना तिथे उभं राहू नये. अधूनमधून जागा पूर्ण रिकामीही ठेवा. काहीच नसताना ती तुम्हाला खूश करायला काठी आणून देते का, ते तेव्हाच कळतं.

आता वारा. शिंगाचा वास वाऱ्याबरोबर वाहतो आणि लांब जाताना रुंद पण पातळ होत जातो. तुम्ही वारा पाठीवर घेऊन चाललात तर वास कुत्रीपासून दूर चाललेला असतो, आणि ती शिंगापासून हातभर अंतरावरून निघून गेली तरी तिला काही कळत नाही. तुमच्या शेतकऱ्याच्या रानात हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून वारा जिकडे वाहतोय त्या टोकाला जा आणि वाऱ्याला आडवे चालत, पट्टे पाडत, वाऱ्याच्या उगमाकडे सरका. कुत्री तुमच्या पुढे डावी-उजवी फिरू द्या. पांढरी जुनी शिंगं असण्याचा संभव असेल तर पट्टे जवळजवळ घ्या. बर्फ वितळून जमीन ओलसर असते, हवा गार आणि झुळूक मंद असते, त्या सकाळी सर्वांत चांगल्या. कडक थंडीत सगळं गोठलेलं असेल तर वास फारसा उठत नाही. कोरड्या, तापलेल्या दुपारी तो वर निघून जातो. उतारावर ऊन तापलं की हवा वर चढते आणि संध्याकाळी खाली उतरते, तेव्हा त्याच टेकडीवर दिवसाच्या वेळेनुसार सुरुवातीचं टोक बदलावं लागतं. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, पण बिनवासाची. चिमूटभर उडवली की वारा दिसतो.

कुत्रीला वास लागल्याचा क्षण ओळखायला शिका. ती मध्यम उंचीवर डोकं धरून दुडक्या चालीने चाललेली असते, तोंड उघडं, जीभ बाहेर. अचानक मान दोरीने ओढल्यासारखी एका बाजूला वळते. तोंड मिटतं, धापणं थांबतं. सैल हलणारी शेपटी ताठ होऊन भराभर हलू लागते. मग ती दोन पावलं डावीकडे जाते, वास सुटतो, परत येते, उजवीकडे जाते, पुन्हा सुटतो, पुन्हा येते. वासाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा ती तपासत असते आणि प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान होत जाते. या वेळी तुम्ही आहात तिथे उभं राहायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. "शोध, शोध, शाब्बास" असं ओरडलात की तिचं लक्ष तुटतं, ती तुमच्याकडे बघते आणि धागा हातचा जातो. हे पाळायला माणसांना कुत्र्यांपेक्षा जास्त सराव लागतो.

रानातला दुसरा फरक म्हणजे वेळ. अंगणात मिनिटाभरात बक्षीस मिळतं. रानात तास-दीड तास काहीच नाही. ही उमेद हळूहळूच वाढवावी लागते. आधी दहा मिनिटांनी एक शिंग, मग वीस, मग चाळीस. खऱ्या शोधाच्या दिवशीही एक सरावाचं शिंग स्वच्छ पिशवीत सोबतीच्या माणसाकडे द्या. बराच वेळ काही सापडलं नाही आणि कुत्री ढिली पडली, तर तिचं लक्ष नसताना त्याने ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर फेकावं. तिला सापडतं आणि पुन्हा जीव येतो.

कुठे शोधायचं हा भाग माणसाचा आहे, कुत्रीचा नाही. दक्षिणेकडे उतरणारे, ऊन खाणारे उतार, जिथे हरणं थंडीत बसतात. कापणी झालेली मका-सोयाबीनची शेतं आणि तिथून झाडीकडे जाणाऱ्या पायवाटा. कुंपण किंवा ओढा ओलांडायच्या जागा, कारण उडीच्या हिसक्याने सैल शिंग तिथे पडतं. एक शिंग मिळालं की त्याच्या जोडीसाठी आजूबाजूचा भाग नीट विंचरा. शिंगावर उंदीर-खारींच्या दातांच्या समांतर रेघा दिसल्या तर ते बराच काळ पडून आहे. कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी ते प्राणी ती कुरतडतात.

सशांचा प्रश्न नाकाचा नाही, आज्ञापालनाचा आहे, आणि यात मी सूट देत नाही. हाक मारली की ती हरणामागून परत फिरते याची खात्री होईपर्यंत दहा-एक मीटरच्या लांब दोरीवरच फिरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरणांच्या अंगावरची चरबी जवळजवळ संपलेली असते. खोल बर्फातून एकदा जीव तोडून पळावं लागलं तर त्याची किंमत त्यांना फार मोठी पडते, आणि नरांची शिंगं गळतात त्याच काळात माद्यांच्या पोटात पिल्लं असतात. कुत्र्याला हरणाच्या मागे सोडणं बहुतेक राज्यांत बेकायदाही आहे. हरणं दिसली, ताजी बसलेली जागा दिसली, तर तो भाग सोडा आणि काही आठवड्यांनी या. एखादं शिंग उंदरांनी खाल्लं तरी चालेल.

पश्चिमेकडच्या राज्यांत याच कारणाने नियम कडक आहेत. कोलोराडोत आंतरराज्य महामार्ग २५ च्या पश्चिमेच्या सार्वजनिक जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी असते. वायोमिंगमध्ये कॉन्टिनेन्टल डिव्हाइड या जलविभाजक डोंगररेषेच्या पश्चिमेच्या सार्वजनिक जमिनींवर अशीच बंदी असून मोसम १ मे रोजी उघडतो, बाहेरच्या राज्यातल्या लोकांसाठी त्याहून उशिरा. युटात शिंगं गोळा करण्याच्या रीतीभातींचा छोटा ऑनलाइन कोर्स करावा लागतो. राष्ट्रीय उद्यानांतून शिंग उचलणं तर पूर्ण निषिद्ध आहे. तुमच्याकडे खासगी रानात जमीनमालकाची परवानगी घ्या. सरकारी जागेत तिथला नियम आधी विचारा. कवटीला चिकटलेली शिंगं सापडली तर ती गळालेली नाहीत, प्राणी मेलेला आहे. त्यांचे नियम अनेक राज्यांत वेगळे असतात, तेव्हा वन्यजीव विभागाला कळवल्याशिवाय उचलू नका आणि कुत्रीलाही सांगाड्यापासून लांब ठेवा. शेतकऱ्याला आणखी एक विचारा: कोल्ह्या-कायोटींसाठी सापळे किंवा तारेचे फास लावलेत का. मी खिशात तार कापायची पक्कड ठेवल्याशिवाय कुत्रं सोडत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी स्पष्ट सांगतो, हे तिकडे करायचं नाही. चितळ-सांबरांची गळालेली शिंगं उचलणं आणि बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे कुत्र्याला नाकाचं काम शिकवायचं असेल तर हीच पद्धत लवंगेच्या किंवा निलगिरीच्या वासावर तशीच चालते.

उचलण्याबद्दल थोडं. व्हाइटटेलचं शिंग लॅब सहज आणते. फक्त ती ते मुख्य दांड्याच्या मध्यावर पकडते, टोकाला नाही, हे घरी सावकाश चालवून बसवा. एल्कचं मोठं शिंग अनेक किलोंचं असतं. ते घेऊन उतारावरून धावणाऱ्या कुत्रीच्या पायात टोकं अडकतात. पुढे कधी पश्चिमेला जाणार असाल तर तिला शिंगाजवळ थांबून भुंकायला शिकवा आणि उचलायला तुम्ही जा.

किती दिवस लागतील? खोक्यांपासून ते शिंगाची जागा तुम्हालाही माहीत नसताना केलेल्या शोधापर्यंत नियमित सरावाचे दोन-तीन महिने धरा. म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू केलंत तर पुढच्या मोसमात ती रानात उतरायला तयार असेल. पहिल्या मोसमात तिला थोडीच शिंगं मिळाली तरी सराव बदलू नका. रानात मुळात किती शिंगं पडलीत हे तिच्या हातात नाही.

आणि चघळण्याचं. देऊ नका. शिंग कुत्र्याच्या दातापेक्षा चिवट ठरतं. वरच्या जबड्यातली मोठी दाढ त्यावर उभी चिरते आणि मग ती काढावी लागते किंवा रूट कॅनाल करावं लागतं. पशुवैद्यांकडे अशा दाढा नेहमी येतात. कामाच्या बाजूनेही त्यात नुकसानच आहे. शिंग म्हणजे बसून चावायची वस्तू असं तिच्या डोक्यात पक्कं झालं, की रानात सापडलेलं शिंग घेऊन ती झुडपाआड पसरते आणि तुम्हाला ते आणून देत नाही. चावायला हवंच असेल तर नखाने दाबल्यावर खळगा पडेल असं रबरी खेळणं द्या. एखादं शिंग आधीच चघळून झालं असेल तर ते सरावाच्या पेटीत परत ठेवू नका. त्यावरच्या लाळेचा वास पेटीतल्या बाकीच्या शिंगांनाही लागतो.